मामा पडून गेले नाहीत

मामांच्या स्मृत्यर्थ नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या समाजभवनात जी सभा झाली, तीत चार जण बोलले आणि चौघेही चुकीचे बोलले. पहिल्या वक्त्याने मामांना करुणामूर्ती म्हटले. दुसऱ्याने त्यांना अवलिया ठरवले. तिसरे गृहस्थ सावनेरचे. ते मामांविषयी थोडे आणि माझ्या फेट्याविषयी फार बोलले. चौथ्या एक तरुण समाजसेविका होत्या. त्या गहिवरून म्हणाल्या, "ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना पडू दिलं नाही, ते मामा अखेर न्हाणीघरात एकटे पडून गेले." सभागृह चुकचुकले. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी मान खाली घातली, कारण ते न्हाणीघर त्यांच्या घरातले, आणि त्याच घरात मीही राहतो. उत्तर देण्यासाठी मी वॉकर उघडून उभा राहीपर्यंत आभारप्रदर्शन सुरू झाले होते.

एवढ्यावर भागले असते, तर मी गप्प बसलो असतो, असे मी म्हणणार नाही. गप्प बसणे हा माझा स्वभाव नाही. पण भागले नाहीच. मामांची रिकामी झालेली खोली बाईंनी एका गृहस्थांना द्यायचे कबूल केले होते. त्यांचा उजवा हात चालत नाही आणि ते घरात एकटे राहू शकत नाहीत. त्यांची मुलगी त्या सभेला आली होती, आणि दुसऱ्याच दिवशी तिचा निरोप आला, "कळवते." ज्या शब्दाची मामांना आयुष्यभर शिसारी होती, नेमका तोच शब्द त्यांच्याच खोलीच्या वाट्याला यावा, हे मला सहन झाले नाही. न्यायालयात शिरस्तेदार म्हणून मी आयुष्य घालवले. साक्षीदार कसे बोलतात हे मी जाणतो. जो दुरून पाहतो, तो सर्वांत जास्त बोलतो. मी जवळून पाहिले आहे.

मामा मूळचे लग्न जुळवणारे. सदर भागात एका चष्म्याच्या दुकानावर त्यांची खोली होती. तीच कचेरी आणि तेच घर. लोक मोबाइलवर परस्पर लग्ने जुळवू लागले, तसा त्यांचा धंदा बसला. तेव्हा त्यांनी पाटीवरच्या 'वधू-वर सूचक मंडळ' या शब्दांपैकी 'वधू-वर' तेवढे पांढऱ्या रंगाने झाकले आणि उरलेल्या 'सूचक मंडळ' या नावाने नवे काम सुरू केले. शहरात अशी अनेक घरे होती, जिथली मुले दूरदेशी गेली होती आणि खोल्या ओस पडल्या होत्या. आणि अशीही अनेक माणसे होती, ज्यांना एकट्याने राहणे जमत नव्हते. कोणी अर्धांगाने अधू, कोणी दृष्टीने, कोणी बुद्धीने जरा सावकाश. या दोहोंची गाठ घालून द्यायची, सकाळ-संध्याकाळ मदतनीस लावून द्यायचा, आठवड्यातून एकदा व्यायाम करवून घेणारी मुलगी पाठवायची, असे ते काम होते. काम नवे, रीत मात्र मामांनी जुनीच ठेवली. त्यांना दुसरी रीत येतच नव्हती.

म्हणजे असे, की खोली पाहायला जाणे हा त्यांच्या लेखी बघण्याचा कार्यक्रम असे. पोहे पाहिजेत. नागपूर असल्याने पोह्यांवर चण्याची तर्री पाहिजे. राहायला येणारा तो नवरा मुलगा, मग ती स्त्री का असेना. आणि घर ते मुलीकडचे. राहायला येणाऱ्याला पहिला महिनाभर रुसण्याचा हक्क असे आणि त्या काळात घरच्यांनी उलट बोलायचे नाही, असे मामा दोन्ही पक्षांना बजावत. पहिल्या दिवाळीला घराकडून त्याला कपडे झालेच पाहिजेत. एका घराने नुसता टॉवेल दिला, तर मामा त्यांच्या फाटकात उभे राहून, "जावई असा उघडा पाडता काय?" असे गल्लीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारून आले होते. आणि सर्वांत कडक नियम असा, की पोहे खाऊन झाल्यावर उंबरठा ओलांडण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी हो किंवा नाही म्हणायचे. 'कळवतो' म्हणायचे नाही.

"कळवतो म्हणून गेलेल्या माणसाची वाट पाहाता पाहाता पोरी म्हाताऱ्या झाल्या, साहेब," ते मला एकदा म्हणाले. "मी पाह्यलं आहे. नाही म्हणा ना! नाही म्हटल्यानं कोणी मरत नाही."

त्यांचे प्रश्नही वधूवरांना विचारायचेच, थोडेसे वाकवलेले. पत्रिका ते पाहत नसत. "घोरता काय? दार लोटता का आपटता? टीव्ही ऐकता का गल्लीले ऐकवता? तर्रीतला तवंग खाता का बाजूले सारता?" तवंग बाजूला सारणाऱ्याला तवंग खाणाऱ्याच्या घरी त्यांनी कधी धाडले नाही.

करुणामूर्ती म्हणणाऱ्या वक्त्यास माझा प्रश्न आहे, की करुणा म्हणजे काय असते? चाकाच्या खुर्चीवरून फिरणारी एक गणिताची शिक्षिका मामांकडे नाव नोंदवून होती. एका घरी बघण्याचा कार्यक्रम झाला. घरच्या वहिनींनी फार गोड आवाजात मामांना विचारले, "यांना चहा चालतो का हो?" त्यावर ती शिक्षिका म्हणाली, "मले विचारा ना वं, तोंड तं माह्यं आहे." मामा ताडकन उठले, हातातली अर्धी बशी टेबलावर ठेवली, "नापास," म्हणाले आणि स्वतः खुर्ची ढकलत तिला बाहेर घेऊन गेले. फाटकाबाहेर रिक्षापाशी ते तिच्यावरच डाफरले, "थोडं थांबली असतीस तं माह्ये पोहे संपले असते!" याला करुणा म्हणायचे असेल, तर खुशाल म्हणावे. मी त्याला बेमुर्वतपणा म्हणतो, आणि त्या बेमुर्वतपणाचा मी चाहता होतो.

आता परीक्षेकडे येतो, कारण सगळा गैरसमज तिच्यातूनच निघाला आहे. पोहे खाता खाता मामा हात धुण्याच्या निमित्ताने घराच्या न्हाणीघरात जात, आतून कडी लावत आणि सर्व ताकदीनिशी ओरडत, "पडलो गाऽऽ!" मग ते आत उभे राहून वाट पाहत. कोणी धावत आले, तर घर पुढे विचारात घेतले जाई. कोणी दाराबाहेरून, "लागलं का हो?" असे नुसते विचारत उभे राहिले, तर घर काठावर. एका घरी यजमानांनी सोफ्यावरूनच शेजाऱ्याला फोन लावला. त्या घराचे नावही मामा पुढे घेत नसत. सदरमधल्या आपल्या खोलीत ते या हाकेचा सराव करत. खालचा चष्मेवाला नवख्या गिऱ्हाइकाला सांगे, "घाबरू नका, मामा परीक्षेची तयारी करून राहिले."

मला झटका आला आणि डावी बाजू गेली, तेव्हा मी घरात एकटा होतो. पत्नी जाऊन बराच काळ लोटला होता. पुण्याच्या पुतण्याने सगळी व्यवस्था परस्पर केली: तिकडच्या एका वृद्धाश्रमाच्या मोठ्या दालनात रांगेने खाटा होत्या, त्यांतली एक माझी. "काका, चोवीस तास नर्स आहे," तो फोनवर म्हणाला. मी विचारले, "दार आहे का?" तो म्हणाला, "कशाला?" तेवढ्यावरून मी समजलो. मला दार असलेली खोली हवी होती, आणि ती नागपुरात हवी होती. पुतण्या न्यायला येण्याआधी ती मिळाली नाही, तर मी त्या खाटेवर जाणार होतो. म्हणून मी मामांकडे गेलो. म्हणजे मामा माझ्याकडे आले. त्यांचा जिना मला चढवला नसता.

माझी सगळी चौकशी करून त्यांनी नंदनवनातले बाईंचे घर काढले. बाई शाळेत शिवण शिकवत. निवृत्त होऊन एकट्याच राहत होत्या. बघण्याचा कार्यक्रम भर मे महिन्यात, भर दुपारी ठरला, कारण कूलरच्या घरघरीत हाक ऐकू येते की नाही, हे मामांना पाहायचे होते.

सावनेरच्या गृहस्थांनी सभेत सांगितले, की मी फेटा बांधून गेलो होतो. हे असत्य आहे. तो पंचा होता. मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पडताना शहाणा मनुष्य डोक्याला पंचा गुंडाळतो. तो स्वच्छ होता आणि नीट गुंडाळलेला होता, एवढाच माझा अपराध. माझ्या हातात नारळ होता हे खरे. तो मामांनी दिला होता. मामांनी उंबरठ्यावर बाईंना मला ओवाळायला लावले हेही खरे. त्यास मी त्याच वेळी हरकत घेतली होती.

हे सावनेरचे गृहस्थ म्हणजे बाईंचे धाकटे बंधू, कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून एवढेच कळले होते, की लग्न जुळवणारे मामा आपल्या बहिणीकडे एका विधुराला घेऊन येत आहेत, पोहे आहेत आणि मुहूर्तही काढला आहे. ते मिळेल त्या गाडीने आले आणि आम्ही पहिला घास घेतो न घेतो, तोच दारात उभे राहिले.

"काहून वं बाई," ते तिथूनच गरजले, "या वयात तुले हे काय सुचलं? सावनेरले लोकं हसून राहिले ना!"

बाई म्हणाल्या, "तू आधी बस गा. पाणी पी."

"पाणी नाही पित! हा नवरदेव काय?"

मी म्हणालो, "मी खोली पाहण्यास आलो आहे."

"पाहा, आता खोलीही पाहून राहिला!" ते बहिणीला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "माही बहीण नाही द्याची तुम्हाले. उठा."

इथे सावनेरची साक्ष अशी आहे, की मी लग्नास तयार होतो आणि नकार ऐकून चिडलो. हा सर्वस्वी विपर्यास आहे. मी केवळ विचारले, "नकाराचे कारण काय?" कोणताही निर्णय कारणांसहित असावा लागतो. लग्न मला करायचे नव्हते. पण मला कारणाशिवाय नाकारले जावे, हेही मी मान्य करणार नव्हतो.

"कारण?" ते म्हणाले. "तुम्हाले धड चालता येत नाही!"

"म्हणूनच आलो आहे."

"म्हणजे माह्या बहिणीनं तुमची सेवा कराची काय?"

"छे. अंघोळ घालायला माणूस येणार आहे."

"लग्नातच माणूस घेऊन येऊन राहिले?"

"रोज सकाळी येईल. ते ठरलेलेच आहे."

"ठरलंबी?" त्यांनी कपाळाला हात लावला आणि बाईंकडे पाहिले. बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, इतक्या की त्यांना खुलासा करणे जमेना. त्यामुळे बंधूंची खात्रीच पटली.

या गदारोळात मामा कधी उठून गेले, हे कोणाला कळले नाही. कूलर घरघरत होता, बंधू गरजत होते, मी उत्तरे देत होतो. आणि न्हाणीघरातून हाक आली, "पडलो गाऽऽ!"

सावनेरच्या साक्षीप्रमाणे ती हाक आधी त्यांनी ऐकली. त्या वेळी ते, "माह्या मेल्यावर करा लग्न," असे म्हणत होते. बोलणाऱ्या माणसाला हाक ऐकू येत नाही. मी ऐकली. मी वॉकर घेतला आणि निघालो. त्या काळी माझी चाल अशी होती, की दिवाणखाना ओलांडणे हा एक प्रवास होता. मध्येच तोल गेला. बाईंनी हसणे टाकून मागून माझा दंड धरला. आपली बहीण त्या माणसाच्या हाताला धरून चालली आहे हे पाहून बंधू, "अरे, अरे!" करत तिच्या मागे. अशी आमची वरात न्हाणीघरापाशी पोचली. दार आतून बंद होते. बंधूंनी खांदा लावला, हे मी मान्य करतो. त्यांना बाजूला मीच सारले, कारण कडीच्या फटीत पट्टी घालून ती उचलता येते, आणि शिवणाच्या बाईंच्या घरात पट्टीला काय तोटा?

दार उघडले. मामा फरशीवर बसलेले होते. त्यांनी आम्हा तिघांकडे पाहिले, तिघे कोण कोणाला धरून आहोत ते पाहिले आणि तिथे बसल्या बसल्याच निकाल दिला.

"ह्यो हाकेले आला. ह्याले धराले बाई आली. बाईले पाहाले भाऊ आला. घर जुळलं!"

"काय जुळलं?" बंधू ओरडले.

"खोली, बाप्पा, खोली! भाड्यानं राह्यते माणूस, त्याची गोष्ट चालू आहे. तुम्ही काय समजले?"

बंधू मग पाणी प्यायले. त्यांनी पोह्यांच्या दोन बश्या खाल्ल्या. मी हो म्हणालो, बाईही हो म्हणाल्या, उंबरठ्याच्या आत. पुढच्या मंगळवारी मी राहायला आलो आणि पुण्याची खाट दुसऱ्या कोणाला गेली. मामांनी जाण्यापूर्वी बाईंना एकच गोष्ट करायला लावली: न्हाणीघराची आतली कडी काढून टाकणे. "ह्या घरात कडीचं काम नाही. अंघोळ करताना गाणं म्हणा."

त्या दिवशीची एक गोष्ट फक्त मी पाहिली होती. मामांचे धोतर मागून भिजलेले होते, कोपर खरचटले होते आणि प्लास्टिकचा मग त्यांच्याखाली चेपलेला होता. परीक्षा घेताना ते नेहमी उभे असत. निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, एवढेच.

पुढे एका सकाळी सदरमध्ये ते खरेच पडले आणि खरेच ओरडले. खाली चष्मेवाला हसला आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "मामांची तयारी चालू आहे." चहावाला वर चहा घेऊन गेला, तेव्हा कुठे कळले. हाड मोडले नव्हते. मामांचा मात्र आवाज बसला होता, ओरडून ओरडून.

आता त्यांचे घर कोण जुळवणार? गावभरच्या माणसांना घरे देणाऱ्या मामांना कोणी, "चला," म्हणायला धजेना. ते जिन्याच्या वर बसून राहत आणि कोणी विषय काढला, की म्हणत, "मी जुळवणारा आहे, मी पाटावर बसत नाही." शेवटी मी आणि बाईंनी ठरवले. बाईंची शिवणाची खोली मोकळी केली, रीतसर निरोप धाडला, पोहे केले, तर्री केली. सावनेरचे बंधू या खेपेस मुलीकडचे म्हणून आधीच येऊन बसले होते.

मामा आले. दोन बश्या पोहे खाल्ले. तर्री पातळ आहे म्हणाले. खोलीची खिडकी पश्चिमेला म्हणून तोंड वाकडे केले. मी घोरतो का, असे त्यांनी माझ्याविषयी बाईंना विचारले, आणि बाई खरे बोलल्या. मग त्यांनी काठी घेतली, उंबरठ्यावर गेले, चपला घातल्या आणि म्हणाले,

"कळवतो."

बाईंच्या हातातला चमचा खाली पडला. बंधू म्हणाले, "आँ?" ज्याने हा शब्द कोणाच्या तोंडून निघू दिला नाही, तो आता त्याच जिन्यावर परत जाणार होता, जिथल्या हाकेला लोक हसतात. मी वॉकर घेतला, एक शब्दही न बोलता आत गेलो, न्हाणीघराचे दार लोटले, बादली उपडी केली, तिच्यावर बसलो आणि ओरडलो,

"पडलोऽऽ!"

बंधू सभेत म्हणाले, की मी खरेच घसरलो. मी घसरलो नव्हतो. माझे कपडे कोरडे होते. बाई साक्षीला आहेत.

काठीचा आवाज आला, भराभर. मामा चपला घालूनच घरात शिरले होते, बाईंच्या स्वयंपाकघरातून, जिथे मांजरालाही पाय पुसून यावे लागते. त्यांनी दार ढकलले. मला बादलीवर बसलेला पाहून धापा टाकत म्हणाले,

"तुम्ही तं कोरडे आहा!"

"त्या दिवशी तुम्ही ओले होता," मी म्हणालो.

मामा मागे वळून बाईंना म्हणाले, "बाई, चपला कुठं ठेवू?"

तीन वर्षे ते आमच्याकडे राहिले. पहिला महिना हक्काने रुसले. दिवाळीला बंधूंनी त्यांना धोतरजोडी दिली, तिचे सूत जाड आहे म्हणून दुसरा महिनाही रुसले. आणि रोज सकाळी अंघोळ झाली, की न्हाणीघरातून ते ओरडत, "पडलो गाऽऽ!" रोज मी वॉकर घेऊन जाई. रोज ते आत उभे असत, कोरडे, कपडे घालून, आणि म्हणत, "आज उशीर केला." गल्लीने हाक तेवढी ऐकली; एक दिवसही ते पडले नव्हते. एक दिवसही मी, आज जाऊ नये, असे म्हटले नाही.

आणि ते गेले, ते दिवाणखान्यात, खुर्चीत, कूलरसमोर, दुपारी. बाईंनी तर्री चाखायला दिली होती. "आता जमली," म्हणाले आणि मान टेकली. मी समोर बसलो होतो. बाई शेजारी उभ्या होत्या. एकटे नव्हते. पडले नव्हते. याला मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे आणि चार वक्त्यांपैकी एकही नाही.

ज्या मुलीने आपल्या वडिलांसाठी 'कळवते' असा निरोप धाडला, तिला माझे सांगणे आहे. तिने वडिलांना घेऊन यावे. पोहे होतील. पोहे खाता खाता उठून तिने न्हाणीघरात जावे. कडी नाही, दार नुसते लोटायचे आहे. आत उभे राहून, घसा फुटेस्तोवर ओरडून पाहावे. मी येईन. वॉकरला जो वेळ लागतो, तेवढा धरावा.